जावयाच्या गावी मुतखडा

अमेरिकेला मुलांकडे निघालेल्या जोडप्याचं सामान दोन प्रकारचं असतं. एक मुलांसाठी: भाजणी, मेतकूट, सांडगे आणि नातवाला हमखास आखूड होणारे कपडे. दुसरं स्वतःसाठी, आणि ते बहुतेक सगळं औषधांचं. रक्तदाबाच्या, साखरेच्या, थायरॉइडच्या गोळ्यांची पाकिटं, त्यांवर डॉक्टरांची सही-शिक्क्याची चिठ्ठी, शिवाय ओवा, हिंग, सुंठ, इसबगोल, कैलास जीवन आणि व्हिक्स. यातली व्हिक्सची डबी मला फार आवडते. हे मलम जन्मानं अमेरिकेचंच. नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो गावच्या लन्सफर्ड रिचर्डसन नावाच्या औषधविक्रेत्यानं ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बनवलं. आपल्याकडे आल्यावर ते आयुर्वेदिक झालं, डबीवर तसं रीतसर छापलेलं असतं. आता आम्ही ते परत अमेरिकेला घेऊन जातो, कारण तिथलं व्हिक्स 'आपल्यासारखं नसतं'.

एवढा साठा कशासाठी, तर तिथल्या डॉक्टरचं तोंड बघायची वेळ येऊ नये म्हणून.

आम्ही मिरजेचे. मिरजेच्या माणसाला सतार आणि डॉक्टर या दोन गोष्टींची कधी वाण पडलेली नाही. कॅनडात जन्मलेल्या विल्यम वॉन्लेस यांना अमेरिकन मिशननं आमच्याकडे पाठवलं आणि १८९४ साली त्यांनी मिरजेत हॉस्पिटल काढलं. तेव्हापासून गावाला जे वळण लागलं ते आजतागायत टिकून आहे. एका गल्लीत हाडांचे, पुढच्या गल्लीत डोळ्यांचे, कोपऱ्यावर मुलांचे. कर्नाटकातून माणसं रेल्वेनं उतरतात ती थेट दवाखान्यात जातात. अशा गावात आयुष्य काढल्यावर डॉक्टरकडे जाणं हे काही संकट वाटत नाही. संध्याकाळी भाजी आणायला निघालेला माणूस वाटेत रक्तदाब बघून येतो. आमचे डॉक्टर नाडी बघायच्या आधी "काय ओ, परत लोणचं?" असं विचारतात आणि ते लोणचंच असतं. त्यांच्याकडे केसपेपर, फाइल असलं काही नाही. पेशंटनं शंभर पानी वही आणायची, त्यात ते लिहितात, आणि वही पेशंटनं घरी न्यायची. म्हणजे आमचा सगळा वैद्यकीय इतिहास स्वयंपाकघरातल्या फडताळात, वाणसामानाच्या यादीशेजारी असतो.

याउलट आम्ही गेलो होतो ते एडिसन. न्यू जर्सीतल्या या गावात ओक ट्री रोडवर पाणीपुरीपासून पैठणीपर्यंत सगळं मिळतं. फक्त संध्याकाळी सहज जाऊन बसावं असा डॉक्टर मिळत नाही. तिथल्या बागेत सकाळी आमच्यासारखेच पाहुणे आईबाप फेऱ्या मारतात, गुजराती, तेलुगू, तमिळ, पंजाबी. एकमेकांची भाषा येत नसली तरी नव्या माणसाला पहिला मंत्र सगळे एकच देतात: इथं आजारी पडायचं नाही. त्यांच्यात एक गृहस्थ होते ज्यांना ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षं उलटली होती आणि वय पासष्टच्या पुढे, म्हणून ते सरकारी मेडिकेअरमध्ये शिरू शकले होते. बाकावर मधली जागा नेहमी त्यांना. ते बिनधास्त खोकायचे.

बाकीच्यांना असतो तो व्हिजिटर इन्शुरन्स. आमचे हे एस.टी.च्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले, त्यामुळे छापील कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची त्यांना सवय. त्यांनी ती पॉलिसी चष्मा पुसून पुसून वाचली आणि जाहीर केलं, की ही कंपनी तरुणांना परवडते. पहिले अमुक डॉलर आपण भरायचे, मग कंपनी बघणार. आधीपासून असलेला आजार चालणार नाही. आता सत्तरीच्या माणसाच्या अंगात आधीपासून नसलेलं काय असतं? एक पळवाट तेवढी ठेवली होती. जुनं दुखणं अचानक, कसलीही पूर्वसूचना न देता उसळलं आणि चोवीस तासांच्या आत डॉक्टर गाठला, तर विचार होऊ शकेल. "म्हणजे दुखायला लागलं की आधी घड्याळ बघायचं," हे म्हणाले आणि पॉलिसी पासपोर्टच्या पाकिटात ठेवून दिली.

आणि दुखायला लागलं. डाव्या कुशीत, बरगडीखाली. मला कळलं ते यांनी रात्री दुसऱ्यांदा जिन्याची चढउतर केली तेव्हा. विचारलं तर म्हणाले, "काही नाही, व्यायाम."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. हे घर मुलाचं असतं तर यांनी पहिल्या कळेला बोंब ठोकली असती. पण हे घर लेकीचं, म्हणजे जावयाचं. जावयाच्या घरी जेवावं, दोन दिवस जास्त राहावं, इथवर यांची मजल मोठ्या मुश्किलीनं आली होती. जावयाच्या खर्चानं आजारी पडणं हे त्यांच्या सगळ्या शिस्तीबाहेरचं. आमचे जावई निखिलराव अत्यंत सज्जन, ते कधी चकार शब्द काढणार नाहीत, आणि नेमकं तेच यांना सहन होईना. भांडखोर जावई असता तर हे हक्कानं तापानं फणफणले असते.

मग घरगुती उपचार सुरू झाले. ओवा, मीठ, हिंगाचं पाणी. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी फक्त 'यांना जरा बरं नाही' एवढंच लिहिलं, तर जगभरातून सल्ले आले. इंग्लंडातल्या लेस्टरचा माझा भाचा म्हणाला, इकडं असता तर जीपीनं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनं, फुकट तपासलं असतं. पॅरासिटॅमॉल घ्या, आराम करा म्हणाला असता. त्यावर त्याची बायको म्हणाली, परदेशी पाहुण्याला हॉस्पिटलात दाखल केलं तर हीच एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, दीडपट दर लावते, ते पण सांग. टोरांटोच्या नणंदबाईंनी कळवलं, की मुलांकडे राहायला येणाऱ्या आईबापांच्या सुपर व्हिसाला एक लाख कॅनडियन डॉलरचा विमा आधीच काढून घेतात, म्हणून त्या निश्चिंत आहेत. एक लाखाचा विमा आहे म्हणून त्या वर्षभर शिंकल्यासुद्धा नाहीत, पैसे वाया गेले, असंही त्यांनी पुढे लिहिलं.

मिरजेचे डॉक्टर संध्याकाळी दवाखान्यात बसतात तेव्हा एडिसनला उन्हाळ्यात सकाळचे नऊ वाजलेले असतात. हे एक बरं आहे. फोन लावला. पलीकडे नेहमीचा गलबला, कंपाउंडरचं "पुढचे कोण?" आणि मधेच एक रडणारं मूल. यांना एकदम बरं वाटलं. डॉक्टरांनी तीन प्रश्न विचारले आणि म्हणाले, "खडा वाटतोय. हुलग्याचं माडगं घ्या. आणि तिथं दाखवून घ्या की, इतकी लेक डॉलरमध्ये कमावतीय!" फोन स्पीकरवर होता. लेकीनं, शर्वरीनं, ऐकलं आणि गाडीची किल्ली उचलली.

आधी अर्जंट केअरला गेलो. हा प्रकार दुकानांच्या रांगेत असतो, एका बाजूला पिझ्झा, दुसऱ्या बाजूला नखं रंगवायचं दुकान. वजन केलं, ते १५४ भरलं. हे काट्यावरून खाली उतरेचनात. ते पौंड आहेत, सत्तर किलोच होतात, हे शर्वरीनं समजावलं तेव्हा म्हणाले, "मग बिल पण पौंडातच द्या म्हणावं." नंतर आलेल्या बाई फार छान बोलल्या, पोट बघितलं. त्या डॉक्टर नसून नर्स प्रॅक्टिशनर होत्या हे मला बाहेर आल्यावर कळलं. त्यांच्याकडे सीटी स्कॅन नव्हतं, म्हणून त्यांनी आम्हाला मोठ्या हॉस्पिटलच्या ईआरला, म्हणजे तातडीच्या विभागाला, धाडलं. त्या दोन इमारतींच्या मधल्या रस्त्यावर निखिलराव ऑफिसातून सुटून येऊन मिळाले. त्यांना बघितल्याबरोबर यांचं दुखणं थांबलं. म्हणजे थांबलं असं त्यांनी सांगितलं.

ईआरच्या दारात एक विचित्र गोष्ट घडली: कुणी पैसे मागितले नाहीत. तिथं १९८६ सालचा कायदा आहे, दारात आलेल्या माणसाची आधी तपासणी करायची, जिवावरचं असेल तर आधी सावरायचं, पैसे आहेत का हे नंतर. कायदा मोठ्या मनाचा आहे. पण आपल्याकडे "आधी डिपॉझिट भरून या" ऐकत वाढलेल्या माणसाला अशानं धडकीच भरते. हे माझ्या कानाशी म्हणाले, "मागत नाहीत बघ. म्हणजे आकडा तोंडानं सांगण्यासारखा नाही."

मग आतमध्ये विचारलं, दुभाषा हवा का? यांना इंग्रजी उत्तम येतं. एस.टी.च्या ऑडिटची पत्रं यांनी आयुष्यभर इंग्रजीत लिहिली. पण नर्सनं सांगितलं, की सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलनं दुभाषा विनामूल्य द्यायचा असतो, घरच्या माणसावर भागवायचं नसतं. 'विनामूल्य' हा शब्द त्या इमारतीत पहिल्यांदाच कानावर पडला होता. हे म्हणाले, "हवा."

चाकांच्या स्टँडवर एक फोन ढकलत आणला. त्यातून पुरुषाचा आवाज आला, "नमस्कार, मी मराठी दुभाषा, क्रमांक अमुक."

हे कळ विसरून उठून बसले. "नमस्कार, नमस्कार! आडनाव काय आपलं?"

"आडनाव सांगता येत नाही. क्रमांक लिहून घेऊ शकता."

"बरं, गाव तरी?"

त्यांचा नियम कडक असतो. खोलीत जे बोललं जाईल ते सगळं दोन्हीकडे पोचवायचं, स्वतःचं काही घालायचं नाही, आणि गाळायचंही नाही. तेव्हा फोननं डॉक्टरबाईंना इंग्रजीत कळवलं, की रुग्ण दुभाषाचं मूळ गाव विचारत आहेत. डॉक्टरबाईंनी काळजीनं यांच्या बुबुळांत टॉर्च मारून बघितला.

दुसरा नियम असा, की डॉक्टर 'मी' म्हणाले तर दुभाषानंही 'मी'च म्हणायचं. डॉक्टरबाई पलंगाजवळ आल्या आणि फोनमधला तो भारदस्त पुरुषी आवाज म्हणाला, "मी आता तुमचं पोट दाबून बघणार आहे." हे दचकून फोनकडे वळले. "तुम्ही? तिकडून?" तेही भाषांतरित झालं.

पुढे भिंतीवरच्या सहा चेहऱ्यांचा तक्ता दाखवला. हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, शून्यापासून दहापर्यंत, दुखणं किती ते सांगा. ही चित्रं मुळात लहान मुलांसाठी काढलेली. यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पलंगाची कड हातात घट्ट धरली होती, आणि तोंडानं म्हणाले, "दोन."

"दोन?" फोननं स्वतःहून विचारलं असावं, अशी मला शंका आहे.

मी ओळखलं. यांना वाटत होतं, आकडा वाढला की बिल वाढणार. मी त्यांना नंतर त्यावरून बोलले, पण शर्वरी म्हणाली, "आई, बाबा अगदीच चुकीचे नाहीत." ईआरच्या बिलात म्हणे एक ते पाच अशा पातळ्या असतात, प्रकरण जितकं गुंतागुंतीचं तितकी वरची पातळी आणि तितकी वरची रक्कम. चेहऱ्यांच्या तक्त्यावर ती ठरत नाही, एवढाच यांचा हिशेब चुकला.

मग आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. काही प्रश्न रुग्णाला एकट्याला विचारायचे असतात. पुढचं जे सांगते ते यांच्याच तोंडून ऐकलेलं आहे, आणि यांना त्यात काही वावगं वाटलेलं नाही. नर्सनं विचारलं, "तुम्हाला घरी सुरक्षित वाटतं का?" प्रत्येकालाच विचारतात हा प्रश्न. हिशेब खात्याच्या माणसानं मोघम उत्तर द्यायचं नसतं. यांनी सविस्तर सांगितलं: स्वयंपाकघरात फोडणी पडली की छतावरचं यंत्र बोंबलतं, न्हाणीघरातला नळ कुठल्या बाजूला फिरवला की चटका बसेल सांगता येत नाही, आणि जिन्यावर नातवाच्या प्लॅस्टिकच्या विटा टाकलेल्या असतात. सबब, नाही.

नर्सचं लिहिणं थांबलं. तिनं खुर्ची जवळ ओढली आणि हळू आवाजात विचारलं, "घरात कुणाची भीती वाटते?"

"वाटते की. जावयाची."

"का?"

"काही बोलत नाहीत."

फोननं हे सगळं निर्विकारपणे पोचवलं. नंतर एक समाजसेविका येऊन निखिलरावांशी बराच वेळ गोड बोलत होती. ते बिचारे, हॉस्पिटलचं आदरातिथ्य समजून, तिला कॉफी आणून देत होते.

स्कॅन झालं. मिरजेच्या डॉक्टरांनी फोनवर, रडणाऱ्या मुलाच्या आवाजातून जे सांगितलं होतं तेच निघालं: मुतखडा, तोही लहानसा. पाच मिलिमीटरच्या आतले खडे बहुधा आपले आपण पडतात. भरपूर पाणी प्या, वेदनेच्या गोळ्या घ्या, आणि ही घ्या गाळणी. दरवेळी लघवी गाळायची, खडा सापडला की डबीत घालून तपासायला आणायचा. आमच्या घराण्यात एवढी महाग गाळणी कधी आली नव्हती. सासूबाईंची चांदीची चहाची गाळणीसुद्धा हिच्यापुढं किरकोळच.

गोळ्या नारिंगी बाटलीत आल्या. तिचं झाकण दाबून फिरवायचं, लहान मुलांना उघडता येऊ नये म्हणून. तसा तिथं १९७० पासून कायदाच आहे. आम्हा दोघांना ते उघडेना. रोज सकाळी नातू ईशान, वय वर्षं सहा, उघडून द्यायचा.

खडा पडला. घरात पेढे वाटायचे तेवढे राहिले. मग पत्रं यायला लागली. आमची समजूत होती की हॉस्पिटल एक म्हणजे बिल एक. हॉस्पिटलचं वेगळं, डॉक्टरबाईंच्या कंपनीचं वेगळं, ज्यानं स्कॅनचं चित्र कुठंतरी बसून वाचलं त्या अदृश्य माणसाचं वेगळं. आकडा इथं लिहीत नाही, कारण हा लेख हेही वाचतील. त्यांना आम्ही अजून खरा आकडा सांगितलेला नाही.

पण बिल भरायच्या आधी मी एक चौकशी केली: इथं भाव करता येतो का? शर्वरीनं मान खाली घातली आणि म्हणाली, येतो. तपशीलवार बिल मागवायचं, रोख दर विचारायचा, एकरकमी भरलं तर सूट मागायची. मग इतके दिवस गप्प का बसलात? मिरजेच्या लक्ष्मी मार्केटात चाळीस वर्षं काढलीत मी. लेकीला फोनसमोर बसवलं, शेजारी स्वतः बसले, निम्म्यापासून सुरू कर म्हटलं. पलीकडची बाई थोडं टाइप करून एका दमात बऱ्यापैकी खाली आली. शर्वरीच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. मला रात्रभर झोप नाही. इतक्या चटकन उतरली, म्हणजे अजून उतरली असती.

यांची टोचणी मात्र कायम. जावयाचे पैसे गेले. शेवटी निखिलरावांनीच तोडगा काढला. म्हणाले, "बाबा, गेल्या डिसेंबरात माझ्या दोन रूट कॅनल कुठं झाल्या?" मिरजेत. आमच्या डेंटिस्टकडे, आणि काउंटरवर पैसे यांनीच, जावयाचा हात मागे ढकलून भरले होते. डिसेंबरात मिरजेत लग्नाच्या हॉलइतकीच दातांच्या दवाखान्यांत गर्दी असते, सगळी परदेशातली मुलं. दात, चष्मे, रक्ताच्या तपासण्या, सगळं उरकून जातात. यांनी वहीत दोन रकाने पाडले, एकीकडे दाढा, दुसरीकडे खडा, डॉलरचा भाव धरून बेरजा केल्या. ताळा जुळला नाही. पण निखिलरावांचे अजून बरेच दात शिल्लक आहेत म्हटल्यावर यांना जेवण गेलं.

आम्ही मिरजेला परतलो. विम्याचा दावा केलेला होता, त्याचं उत्तर मागून आलं: हा आजार पॉलिसीच्या आधीपासून होता की काय हे ठरवायचं आहे, मागील वर्षांची वैद्यकीय कागदपत्रं पाठवावीत. खडा एका डबीत घालून आम्ही सोबत आणला होता, कारण तिथं तपासायचे वेगळे पैसे. ती डबी आणि ते पत्र घेऊन हे डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी खडा उजेडाकडे धरला, कौतुकानं फिरवला आणि लेटरहेडवर इंग्रजीत लिहून दिलं, की सदर गृहस्थांना मी तीस वर्षं ओळखतो. ते निर्व्यसनी असून वेळेवर पैसे देतात. लोणच्याखेरीज त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही.

कंपनीला हे पुरलं नाही. त्यांना मूळ नोंदी हव्यात. डॉक्टर म्हणाले, "नोंदी तुमच्याकडेच की ओ, वहीत." फडताळातून वही काढली. गेल्या डिसेंबरात ईशान आला होता तेव्हा त्यानं तीत बरेच हत्ती काढलेत, आणि २०१९ च्या रक्तदाबावर एक पिवळी बस. यांनी पानांना क्रमांक घातले, कोपऱ्यात सह्या केल्या, हत्तींसकट सगळं स्कॅन करून पाठवून दिलं. कालच कंपनीची पोच आली. कागदपत्रं मिळाली, त्यांचे वैद्यकीय तज्ज्ञ ती तपासत आहेत.